गाडी गेल्यावर उरलेली जमीन



लष्करात वाढलेल्या माणसाला 'छोटी लाइन' म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. माधवराव महाराजांच्या काळात घातलेल्या दोन फुटी रुळांवरून श्योपुरकडे जाणारी ती गाडी २०२० च्या मार्चमध्ये थांबली. आता तिकडे मोठी लाइन येत आहे. पण जिथे नवा मार्ग जुन्या पट्ट्यावरून जाणार नाही, तिथल्या जमिनीचे काय करायचे? अशाच प्रश्नाला साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत, शिकागोच्या पश्चिमेकडील उपनगरांत, काही सामान्य नागरिकांनी जे उत्तर दिले, त्याचा इतिहास आज मांडतो.

१९०२ मध्ये शिकागोहून पश्चिमेला विजेवर चालणारी एक खाजगी रेल्वे सुरू झाली. व्हीटन या गावी तिला फाटे फुटत. एक फाटा ऑरोराकडे जाई, दुसरा एल्जिनकडे. बाजूच्या तिसऱ्या रुळातून वीज घेणारी ही गाडी पन्नास वर्षे कारकून, शिक्षक, विद्यार्थी यांना शहरात नेत-आणत राहिली. तिचा घात एका रस्त्याने केला. शहराच्या मध्यभागाकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गाच्या बांधकामामुळे १९५३ मध्ये ही गाडी शहराच्या वेशीवरच थांबू लागली. प्रवाशांना तिथे उतरून दुसरी गाडी धरावी लागे. उतारू घटले, तोटा वाढला.

शेवटचा दिवस ३ जुलै १९५७. न्यायालयाची परवानगी हाती येताच कंपनीने भर दुपारी प्रवासी वाहतूक बंद केली. सकाळी याच गाडीने कामावर गेलेली माणसे संध्याकाळी परतायला आली, तेव्हा गाडी नव्हती. पुढे दोन वर्षांनी मालगाड्याही थांबल्या, आणि १९६१ मध्ये मार्ग रीतसर सोडून देण्यात आला. मागे राहिली ती खडी, झुडपे आणि एक लांबच लांब रिकामी पट्टी.

अशी पट्टी फार काळ रिकामी राहत नाही. कुणाला वाहनतळ हवा असतो, कुणाला रस्ता, तर शेजारच्या जमीनमालकाला आपले अंगण वाढवायचे असते. प्रत्येकाची मागणी लहान आणि रास्त वाटते. पण रेल्वेच्या जमिनीचे मोल तिच्या क्षेत्रफळात नाही, सलगपणात आहे. शंभर फुटांचा एक तुकडा मधून गेला, की दोन्ही बाजूंची मैलोगणती जमीन वाट म्हणून निकामी होते. पुन्हा असा पट्टा जोडायचा, तर शेकडो मालकांच्या दारी जावे लागेल.

ही गोष्ट वेळेवर ओळखली मे थीलगार्ड वॉट्स यांनी. मॉर्टन अर्बोरेटम या वृक्षोद्यानात त्यांनी निसर्गशिक्षणाचे काम केले होते आणि भूप्रदेश कसा वाचावा यावर पुस्तक लिहिले होते. सप्टेंबर १९६३ मध्ये त्यांनी 'शिकागो ट्रिब्यून'ला एक पत्र लिहिले. इंग्लंडमध्ये आहेत तशा पायवाटा आपल्याकडेही असाव्यात, त्यासाठी ही पट्टी वापरावी आणि बुलडोझर पोहोचण्याआधी हालचाल करावी, असा त्याचा आशय होता. तेव्हा त्यांचे वय सत्तर होते. आपल्या सभागृहातील अनेकांना हा आकडा धीर देईल!

पत्र छापून आले, हा त्या कथेचा सोपा भाग. खरे काम पुढे होते. वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना ती जुनी लाइन चालून दाखवली, सभा घेतल्या, वर्गणी जमवली, स्थानिक अधिकाऱ्यांची मने वळवली. १९६५ मध्ये 'इलिनॉय प्रेअरी पाथ' ही ना-नफा संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी ड्यूपेज परगण्याने आपल्या हद्दीतील पट्टी या संस्थेला भाडेपट्ट्याने दिली. मग हातांचे काम सुरू झाले. झुडपे तोडणे, कचरा उचलणे, चुनखडीची बारीक कच पसरणे, पाट्या लावणे, नाल्यांवर पूल घालणे, हे सारे त्यात आले. १९७१ मध्ये केंद्र सरकारने या वाटेला राष्ट्रीय मनोरंजन-मार्गाचा दर्जा दिला. आज तिच्या सर्व शाखा मिळून सुमारे शंभर किलोमीटर भरतात.

वाटेच्या नावातला 'प्रेअरी' हा शब्द उगाच आलेला नाही. इलिनॉय हे एके काळी उंच गवताच्या माळरानांचे राज्य होते. नांगराने ते माळ जवळजवळ पुसून टाकले. पण रेल्वेच्या कडेच्या चिंचोळ्या जमिनीवर अनेक ठिकाणी नांगर फिरलाच नाही, म्हणून मूळ गवताचे आणि रानफुलांचे तुकडे तिथे तग धरून राहिले. वाट राखताना तेही राखता येतात, हे निसर्गाच्या अभ्यासक असलेल्या वॉट्स यांना दिसले होते.

पुढे ही चळवळ देशभर पसरली, तेव्हा कायद्याची अडचण समोर आली. पुष्कळ ठिकाणी कंपनीला जमिनीवर केवळ रेल्वेपुरता हक्क होता. गाडी कायमची थांबली, की तो हक्क संपे आणि पट्टी लगतच्या मालकांकडे तुकड्या-तुकड्यांनी परत जाई. १९८३ च्या कायदादुरुस्तीने यावर उपाय काढला. उद्या पुन्हा रेल्वे लागेल म्हणून पट्टी सलग राखून ठेवायची आणि तोवर तिथे चालण्याची वाट करायची. जमीनमालक याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, पण १९९० मध्ये न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. म्हणजे वाट करणे हे रेल्वेच्या आठवणीचे श्राद्ध नव्हे. ती रेल्वेच्या जमिनीची राखण आहे.

मित्रहो, आपले कायदे वेगळे, आपली जमीन वेगळी. शिकागोचा आराखडा उचलून इथे ठेवता येणार नाही. पण क्रम मात्र घेण्यासारखा आहे. व्हीटनमध्ये आज या वाटेवर एका बागेला स्वयंसेवकांचेच नाव आहे. तो मान फार उशिरा आला. आधी आला तो पट्टा, त्याआधी संस्था, आणि सर्वांत आधी कुणीतरी ती लाइन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी चालून पाहिली होती. छोट्या लाइनवर आपण शंभर वर्षे बसून गेलो. आता जी जमीन उरली आहे ती अजून सलग आहे तोवर, एका रविवारी तरी, तिच्यावरून चालत जाऊन कुठे काय उरले आहे याची नोंद करू या.