कुणाचा डोळा कुणाला चालतो?

नेत्रदान म्हटले की पुष्कळजणींना वाटते, अख्खा डोळा काढून दुसऱ्याला बसवतात. तसे नसते. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला पारपटल म्हणतात. त्यावर फूल पडले की आतला डोळा शाबूत असूनही माणसाला दिसत नाही. तेवढा पडदा बदलतात. पण तो आणायचा कुणाचा, हे कळायला जवळजवळ शंभर वर्षे गेली.

आरंभ जनावरांपासून झाला. १८३८ साली न्यूयॉर्कच्या किसम नावाच्या डॉक्टरांनी डुकराचा पडदा माणसाला बसवला. थोडे दिसू लागले, पण महिनाभरात तो गढूळ झाला.

मग ७ डिसेंबर १९०५ रोजी, आज चेक देशात असलेल्या ओलोमोउत्स गावी, डॉ. झिर्म यांच्याकडे चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला एक मजूर होता. (चुना विरवताना आपण पोरांना लांब हाकलतो ते उगाच नव्हे.) त्याच सुमारास अकरा वर्षांच्या एका मुलाचा, लोखंडाचा तुकडा घुसलेला डोळा काढावाच लागला. त्याचे पारपटल डॉक्टरांनी मजुराच्या दोन्ही डोळ्यांना लावले. एक टिकले नाही, दुसरे टिकले, आणि तो माणूस पुन्हा कामावर गेला. सगळे त्या मजुराचे कौतुक वाचतात. माझ्या मनात त्या मुलाची आई येते.

अशी मुले कितीशी मिळणार, आणि मिळावीत तरी का? वाट काढली ओडेसाच्या डॉ. फिलातोव्ह यांनी. १९३० नंतरच्या वर्षांत त्यांनी मृतांचे डोळे थंडाव्यात ठेवून वापरले, आणि ते बसले. या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो माणसामागून काही तास तग धरतो. आपल्याकडे १९४५ साली मद्रासला पहिली नेत्रपेढी निघाली.

आमच्या सासूबाई म्हणत, "म्हातारीचे डोळे कुणाच्या कामाचे?" त्या ७४ वर्षांच्या. अमेरिकेत २००८ साली याचाच हिशेब प्रसिद्ध झाला. पारपटल सुजून धूसर होणाऱ्या रुग्णांत, ६५ वर्षांपर्यंतच्या दात्यांचे आणि ६६ ते ७५ वर्षांच्या दात्यांचे पडदे पाच वर्षांनी पाहिले. दोन्हींकडे शंभरांत सुमारे ८६ टिकलेले! मी हे वाचून दाखवले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "मग वेळ किती असतो?" सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवून डोळे काढून व्हावे लागतात. चष्मा असला, मोतीबिंदू काढलेला असला तरी चालते. अर्ज भरलेला नसला तरी घरच्यांची संमती पुरते.