चितोडची राणी पद्मिनी : कथा आणि इतिहास

तमिळ भाषेत इ. स. १९६३ मध्ये ‘चित्तूर राणी पद्मिनी’ या नावाचा एक ऐतिहासिक चित्रपट निघाला. पद्मिनीची भूमिका वैजयंतीमाला यांनी केली. नायक होते शिवाजी गणेशन्. हिंदी चित्रपटांमुळे वैजयंतीमाला यांची ओळख आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांस करून द्यावयास नको. गणेशन् यांच्या नावाशी मात्र आपले निराळेच नाते आहे. त्यांचे मूळचे नाव केवळ गणेशन्. अण्णादुराई यांच्या एका नाटकात त्यांनी श्रीशिवछत्रपतींची भूमिका अशी वठविली की, पेरियार रामस्वामी यांनी त्यांस ‘शिवाजी’ म्हणून गौरविले आणि तेच नाव त्यांस जन्मभर राहिले.

मेवाडच्या राणीची कथा दूर तमिळ देशात का रंगावी, असा प्रश्न कोणासही पडेल. ज्या अल्लाउद्दीन खिलजीने १२९६ मध्ये आपल्या देवगिरीवर घाला घातला, त्याच्याच मलिक काफूर या सरदाराच्या फौजा १३११ मध्ये मदुरेपर्यंत जाऊन भिडल्या. तेव्हा कथेतील शत्रू तिकडच्या लोकांस परका नव्हता. पण कथेतील नायिका कोठून आली? या प्रश्नाचे उत्तर देताना प्रस्तुत लेखकास प्रथम स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे.

शाळेत इतिहास शिकविण्यात माझी हयात गेली. पद्मिनीचा धडा मी मोठ्या आवेशाने शिकवीत असे. आरशातील प्रतिबिंब, पालख्यांत लपलेले वीर, गोरा-बादलांचा पराक्रम आणि शेवटी जोहार, हे सारे ऐकताना वर्ग चित्रासारखा स्तब्ध होई. एकदा एका मुलीने विचारले, “गुरुजी, हे कोणी पाहून लिहिले?” मी तिला ‘धडा नीट वाच’ म्हणून खाली बसविले. खरे पाहता उत्तर मलाच ठाऊक नव्हते. पुढे सवड मिळाल्यावर जे वाचले, ते त्या मुलीला द्यावयाचे राहिलेले उत्तर म्हणून येथे देतो.

चितोडचा वेढा हा इतिहास आहे. २८ जानेवारी १३०३ रोजी सुलतान दिल्लीहून निघाला आणि २६ ऑगस्ट रोजी किल्ला पडला. त्या वेळी मेवाडच्या गादीवर रत्नसिंह होता, याला शिलालेखांचा आधार आहे. सुलतानाबरोबर अमीर खुस्रो हा कवी स्वतः चितोडास हजर होता. त्याने या मोहिमेचा वृत्तांत लिहिला. तीस हजार हिंदूंच्या कत्तलीचीही नोंद केली. परंतु पद्मिनीचे नाव त्याने कोठेही घेतलेले नाही. त्याच्या एका अलंकारिक उल्लेखात काही विद्वान तिची सूचना पाहतात, पण तो तर्क होय.

पद्मिनीची संपूर्ण कथा आपणांस प्रथम आढळते ती मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीच्या ‘पद्मावत’ या अवधी काव्यात. त्याचा काळ इ. स. १५४०, म्हणजे वेढ्यानंतर तब्बल दोनशे सदतीस वर्षे! त्यात बोलका पोपट आहे, सिंहलद्वीपाची राजकन्या आहे, आणि राजा मरतो तो सुलतानाच्या हातून नव्हे, तर कुंभलनेरच्या देवपालाशी झालेल्या द्वंद्वामुळे. काव्याच्या काही पोथ्यांत शेवटी चितोड म्हणजे देह, राजा म्हणजे मन आणि पद्मिनी म्हणजे बुद्धी, असा उलगडाही केलेला आहे.

पुढे ही कथा फारसी इतिहासग्रंथांत शिरली, राजस्थानातील भाट-चारणांच्या मुखी रुळली आणि कर्नल टॉडने १८२९ मध्ये आपल्या राजस्थानच्या इतिहासात ती इंग्रजीत आणली. टॉडने तर पद्मिनीचा पती भीमसिंह ठरविला! टॉडवरून बंगालीत १८५८ मध्ये रंगलाल बंद्योपाध्याय यांनी ‘पद्मिनी उपाख्यान’ रचले. अशा रीतीने भाषेभाषेतून फिरत ही राणी अखेर तमिळ रुपेरी पडद्यावर अवतरली. प्रत्येक मुक्कामी तिच्या अंगावर एक नवा दागिना चढला.

मग हे सारे खोटेच म्हणावयाचे काय? तसे नाही. अल्लाउद्दीनाने १३०१ मध्ये रणथंभोर घेतले, तेव्हा तेथे झालेल्या जोहाराचे वर्णन खुद्द खुस्रोने केले आहे. चितोडावरही १५३५ आणि १५६८ मध्ये जोहार झाले. त्या ज्वाळांत गेलेल्या स्त्रिया खऱ्या होत्या. त्यांना माहेर होते, कडेवर लेकरे होती. त्यांच्यापैकी बहुतेकींचे नाव कोणीही लिहून ठेवले नाही. जिचे नाव घरोघर आहे तिचा पुरावा नाही, आणि ज्यांचा पुरावा आहे त्यांना नाव नाही! पद्मिनीची कथा लोकांनी इतकी जपली, ती कदाचित त्या अनामिकांना एक चेहरा मिळावा म्हणूनच. परंतु त्या मरणाचे गोडवे आपल्या लेकीसुनांपुढे गाताना, त्यांच्यावर ती पाळी का आली, हेही सांगितले पाहिजे.

ही कथा इतिहास आहे की काव्य, याचा विवेक सुटला म्हणजे काय होते, ते आपण पाहिले आहे. याच राणीवरील हिंदी चित्रपटाचा देखावा मार्च २०१७ मध्ये आपल्याच पन्हाळ्याजवळ जाळण्यात आला. पुढे चित्रपटाचे नाव बदलले, काही राज्यांनी घातलेल्या बंदीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि २५ जानेवारी २०१८ रोजी तो ‘पद्मावत’ या नावाने प्रकाशित झाला. १९६३ च्या तमिळ पद्मिनीच्या वाट्याला असला वणवा आला नव्हता. एवढा क्षोभ होऊनही त्या अनामिक स्त्रियांची आठवण मात्र फारशी कोणी काढली नाही.

आपल्याही घराघरांत पूर्वजांच्या कथा आहेत. त्या अवश्य सांगाव्यात. ‘आजी असे सांगत असे’ म्हणून सांगितल्याने त्यांचा मान रतिभरही उणा होत नाही. मात्र एखाद्या नातीने “हे कोणी पाहून लिहिले?” असे विचारले, तर तिला खाली बसवू नये. तिच्या शेजारी बसून उत्तर शोधावे. मी ते केले नाही, याची खंत आजही मनात आहे.