कुदसिया बाग: यमुनेकाठची शांतता आणि तिचा पहारा

आज लढाईवर नाही, एका बागेवर बोलायचे आहे. फौजी माणूस बागेवर काय बोलणार, असे काहींना वाटेल. पण शेवटपर्यंत थांबा. ही बाग साधी नाही.

दिल्लीत कश्मीरी गेट मेट्रो स्टेशनवर उतरलात की कानठळ्या बसतात. तीन मेट्रो मार्ग इथे एकत्र येतात. शेजारीच १९७६ साली सुरू झालेला आंतरराज्य बस अड्डा आहे. हिमाचल, उत्तराखंड, पंजाबच्या गाड्यांचे कंडक्टर गावांची नावे घेऊन ओरडत असतात. पलीकडे रिंग रोडवरची वाहतूक थांबायचे नाव घेत नाही. आणि या सगळ्याला लागून झाडांच्या सावलीत एक जुना, भव्य दरवाजा उभा आहे. तो ओलांडून आत गेलात की आवाज एकदम उतरतो. म्हातारी माणसे बाकावर बसलेली, पोरे खेळत असलेली, एक जुनी मशीद, मोडकळलेल्या भिंती. ही कुदसिया बाग.

आम्हाला सैन्यात सगळ्यांत आधी जमीन वाचायला शिकवतात. उंचवटा कुठे, आडोसा कुठे, पाणी कुठे, कोण कुठून येऊ शकतो. ही सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. या बागेची जमीन वाचली तर पहिला प्रश्न असा पडतो, की ही बाग शहराच्या तटाबाहेर का बांधली? शहाजहानने बांधलेल्या दिल्लीला भक्कम तट होता. कश्मीरी दरवाजा हा त्या तटाचा उत्तरेकडचा दरवाजा, आणि बाग आहे त्याच्याही बाहेर. दुसरा प्रश्न, नदीकाठी बांधलेल्या बागेतून आज नदी दिसत का नाही?

आधी पहिला प्रश्न घेऊ. ही बाग आणि तिच्यातला वाडा १७४८च्या सुमारास बांधला गेला. बांधणारी होती उधमबाई, म्हणजेच कुदसिया बेगम. बादशहा मुहम्मदशहाची ही पत्नी आणि त्याच्यानंतर तख्तावर बसलेल्या अहमदशहाची आई. आता साल लक्षात घ्या. अवघ्या नऊ वर्षांपूर्वी, १७३९ मध्ये, नादिरशहाने दिल्लीत कत्तल केली होती आणि मयूरासन उचलून नेले होते. ती जखम ताजी असताना ही बाई तटाबाहेर, उघड्यावर, नदीकाठी वाडा बांधते! याचे कारण त्याच वर्षात सापडते. मार्च १७४८ मध्ये सरहिंदजवळ मनुपूरला मोगल फौजेने अहमदशहा अब्दालीला माघारी परतवले होते. त्या फौजेत राजपुत्र स्वतः होता. महिन्याभरात बाप वारला आणि मुलगा बादशहा झाला. धोका टळला असे वाटायला एवढे पुरे होते.

पण धोका टळला नव्हता. नव्या बादशहाचा कारभार बेगम आणि तिचा विश्वासू जाविदखान यांच्या हाती गेला. खजिना आटत चालला होता. सैनिकांचे पगार महिनोन्महिने थकले. पगारासाठी शिपायांनी दंगे केले, वाड्याच्या दारात धरणे धरले. मंडळी, मी तीन दशके फौजेत काढली आहेत, म्हणून सांगतो, शिपाई उपाशी राहून काही दिवस लढेल, पण आपली फसवणूक होते आहे असे त्याला वाटले की तो मनाने तिथून उठतो. बाग बांधली होती, पण बागेचा पहारा बुडवला होता.

मग पहारा बाहेरून भाड्याने आणायचे ठरले. इथे आपण, म्हणजे मराठे, या गोष्टीत येतो. १७५२ मध्ये वजीर सफदरजंगाच्या मध्यस्थीने शिंदे-होळकरांशी करार झाला. मराठ्यांनी बादशहाचे आतल्या आणि बाहेरच्या शत्रूंपासून रक्षण करायचे आणि बादशहाने त्यांना पन्नास लाख रुपये आणि काही प्रांतांचे अधिकार द्यायचे. आपल्याकडे या कराराचे मोठे कौतुक होते आणि ते रास्तही आहे. दिल्लीच्या तख्ताने आपल्याकडे संरक्षण मागावे, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच कराराची पुढची दोन वर्षेही आपण वाचली पाहिजेत.

१७५४च्या सुरुवातीला रघुनाथराव आणि मल्हारराव होळकर यांनी सुरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला वेढा दिला. त्या वेढ्यात मल्हाररावांचा एकुलता मुलगा, अहिल्याबाईंचे पती खंडेराव, मारले गेले. इकडे दिल्लीत गाझिउद्दीन, म्हणजे इमाद-उल-मुल्क, वजिरी मिळवण्यासाठी बादशहाच्या विरोधात उभा राहिला आणि मराठ्यांनी त्याची बाजू घेतली. मे १७५४च्या अखेरीस बादशहा यमुनेपलीकडे सिकंदराबादला छावणीत होता. आई, जनाना, सगळा लवाजमा बरोबर होता. होळकरांची फौज जवळ आल्याची बातमी रात्री पोचली. बादशहा आणि कुदसिया बेगम जनान्यातल्या बहुतेक स्त्रियांना मागे सोडून दिल्लीकडे पळाले. मागे राहिलेला तळ लुटला गेला आणि शाही घराण्यातल्या स्त्रिया होळकरांच्या हाती सापडल्या. २ जून रोजी अहमदशहाला तख्तावरून उतरवले. त्याला आईसह कैदेत टाकले आणि पुढे आंधळे केले. बाग बांधून जेमतेम सहा वर्षे झाली होती.

याचा सगळा दोष मराठ्यांवर टाकावा असे मी म्हणत नाही. ठरलेले पैसे पूर्ण मिळाले नव्हते. दरबारातला प्रत्येक गट आपल्याला दुसऱ्याविरुद्ध वापरू पाहत होता. पण ज्याच्या रक्षणाचा करार केला, त्याच्याच तळावर दोन वर्षांत चालून जाणे, हेही खरेच आहे. त्याची किंमत पुढे आपणच मोजली. १७६०-६१ मध्ये अब्दाली समोर उभा ठाकला, तेव्हा उत्तरेत आपल्या शब्दावर विसंबून सोबत राहणारे फारसे कोणी उरले नव्हते. पानिपताची कारणे शोधताना आपण रसद, तोफा, बाजारबुणगे हे सगळे मोजतो. मला वाटते, गमावलेला विश्वासही त्यात मोजला पाहिजे. महादजी शिंद्यांनी नंतर तो बराचसा परत मिळवला. १७७२ मध्ये शहाआलमला त्यांनी दिल्लीत आणून बसवले आणि १७८८ मध्ये गुलाम कादिरच्या छळातूनही त्यांच्याच फौजेने त्याला सोडवले. पुढच्याच वर्षी, दिल्लीवर शिंद्यांचा अंमल असताना, थॉमस आणि विल्यम डॅनियल हे इंग्रज चित्रकार तिथे आले. त्यांनी कुदसिया बागेचे चित्र काढले. त्याच्या नावातच ती ‘यमुना नदीवरील’ बाग आहे.

आता जमीन पुन्हा वाचू. १८०३ मध्ये दिल्ली इंग्रजांकडे गेली. पुढच्या वर्षी यशवंतराव होळकरांनी शहराला वेढा दिला. तो यशस्वी झाला नाही, पण इंग्रज सावध झाले. पुढच्या वर्षांत त्यांनी तटाची दुरुस्ती केली, बुरूज मजबूत केले, खंदक सुधारला. ५३ वर्षांनी, १८५७ मध्ये, हेच बुरूज त्यांना स्वतःलाच फोडावे लागले!

१८५७च्या उन्हाळ्यात उठाव करणारे शिपाई तटाच्या आत होते आणि इंग्रज फौज उत्तर-पश्चिमेच्या टेकडीवर. टेकडीवरचे इंग्रजांचे मुख्य ठाणे म्हणजे हिंदुरावाचा बंगला. हे हिंदुराव म्हणजे कागलचे घाटगे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. दिल्लीतल्या ज्या मराठी मंडळींना हिंदुराव हॉस्पिटल ठाऊक आहे, त्यांनी हे नाव कुठून आले ते मुलांना जरूर सांगावे.

तट फोडायला जड तोफा जवळ आणाव्या लागतात. जवळ आणायच्या तर आडोसा लागतो. तो आडोसा कुदसिया बागेने दिला. दाट झाडी, पडक्या भिंती आणि एका अंगाला नदी, त्यामुळे त्या बाजूने हल्ल्याची भीती कमी. तटाच्या आतल्यांनी ही झाडी तोडली नव्हती, बागेत पहाराही बसवला नव्हता. इंग्रज इंजिनिअर अलेक्झांडर टेलरने जागा पाहून ठेवली आणि सप्टेंबरात बाग न लढताच त्यांच्या हाती गेली. बागेत उखळी तोफा बसल्या. जवळच्या जकात कचेरीपाशी लावलेला तोफखाना पाणबुरुजापासून दोनशे यार्डांच्याही आत होता. १४ सप्टेंबरला पहाटे या बाजूने हल्ला झाला, कश्मीरी दरवाजा सुरुंगाने उडवला गेला आणि आठवड्याभरात दिल्ली पडली. आतल्या शिपायांचे शौर्य कमी नव्हते. पण तटासमोरची एक बाग मोकळी सोडली, आणि त्याची फार मोठी किंमत पडली.

आता नदीचा प्रश्न. यमुना पूर्वेकडे सरकली. सोडलेल्या जमिनीवर रस्ता आला, बस अड्डा आला. बाग तिथेच राहिली, काठ निघून गेला. अलीकडे, मार्च २०२४ मध्ये, बस अड्ड्याच्या मागे यमुनेला लागून वासुदेव घाट हे नवे उद्यान खुले झाले. हिरवळ, छत्र्या, पायऱ्या, संध्याकाळची आरती. म्हणजे कुदसिया बेगमच्या शेजारात पुन्हा एक नदीकाठची बाग झाली. जरूर जा.

जाताना एवढे लक्षात ठेवा. जुलै २०२३ मध्ये यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली. १९७८चा २०७.४९ मीटरचा विक्रम मोडला. पाणी रिंग रोड ओलांडून कश्मीरी गेटच्या परिसरात शिरले. नदीने आपली जुनी जागा ओळखली होती. त्या दिवसांत आयटीओ बंधाऱ्याचा अडकून बसलेला दरवाजा उघडायला सैन्याचे इंजिनिअर आले होते. १८५७ मध्ये तिथून थोड्याच अंतरावर सॅपर्सनी दरवाजा उडवला होता शहर जिंकायला. या वेळी दरवाजा उघडला शहर वाचवायला. फौजी म्हणून मला या दुसऱ्या दरवाजाचा अभिमान जास्त वाटतो.

शांत जागा आपोआप शांत राहत नाही. कुणीतरी ती राखत असते. बांध तपासणारा कर्मचारी, रात्रपाळीचा चौकीदार, पाने गोळा करणारा माळी, सीमेवरचा जवान. त्यांचा पगार वेळेवर झाला, त्यांना दिलेला शब्द पाळला गेला, तरच बाकावरची म्हातारी माणसे निवांत बसू शकतात. कुदसिया बेगमकडे बाग होती, वाडा होता, नदी होती. तिच्याकडे फक्त एवढे नव्हते.

तुमच्या शहरातल्या नदीकाठी अशी एखादी बाग असेल, तर या रविवारी तिची जमीन वाचून या. आणि निघताना तिथल्या माळ्याला त्याचा पगार वेळेवर होतो का, हेही विचारा.

जय हिंद.