योरुबांची गणती आणि इफेची शाळा

मराठी माणूस अठरापर्यंत सरळ मोजत येतो आणि पुढे 'एकोणीस' म्हणतो. म्हणजे विसाला एक उणा. एकोणतीस, एकोणचाळीस यांचाही घाट तोच. नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागातील योरुबा लोकांनी हीच युक्ती फार पुढे नेली आहे. चौदापर्यंत ते दहात भर घालतात. पंधराला मात्र 'विसाला पाच उणे' म्हणतात, सोळाला चार उणे, आणि असेच एकोणिसापर्यंत. मोजणी आपल्या जुन्या बाजारातल्यासारखी विसांची. साठ म्हणजे तीन विसा, पन्नास म्हणजे त्या साठाला दहा उणे. मग पंचेचाळीस? तीन विसांतून आधी दहा काढावयाचे, मग पाच. हाती पाटी येण्यापूर्वीच योरुबा मुलाच्या जिभेवर गुणाकार आणि वजाबाकी एकत्र नांदत असतात.

ही रीत कवड्यांच्या व्यवहारातून आली असावी, असे एकोणिसाव्या शतकातील एका मिशनऱ्याने सुचविले. ढीग पुढे ओतावा, पाच पाच कवड्या एका बाजूस ओढाव्यात. चार वेळा ओढल्या की वीस. या कवड्या बहुतांशी आपल्याच हिंदी महासागरातील मालदीव बेटांवरून जहाजांनी तेथे जात. आपण ज्या वस्तूवरून 'कवडीमोल' हा शब्द केला, तिच्यावर तिकडे एक अंकगणित उभे राहिले!

'इफा' या शकुनविद्येविषयी मात्र ख्रिस्ती वाचकाने जपून बोलले पाहिजे. भविष्य विचारणे आपल्या श्रद्धेत बसत नाही, आणि तेथे ते बसते असे मी म्हणणार नाही. पण त्या विद्येचे भांडार निराळे आहे. एकेरी वा दुहेरी अशा आठ खुणांच्या मांडणीतून २५६ आकृती सिद्ध होतात. प्रत्येकीला जोडलेल्या कथा व पद्ये 'बाबालावो' अनेक वर्षे गुरूजवळ राहून मुखोद्गत करतो. त्यांत औषधी वनस्पती आहेत, राजांचा इतिहास आहे, नीतिबोधही आहे. २००५ साली युनेस्कोने या परंपरेला मानवजातीच्या मौखिक वारशात स्थान दिले. लिहिलेले नाही म्हणून ते ज्ञान नव्हे, असे म्हणणाऱ्याने आपल्या जात्यावरच्या ओव्यांचे काय करावे?

कॅथलिक मिशनमधील काहींना हे लवकर उमगले. सोसायटी ऑफ आफ्रिकन मिशन्सचे फादर केव्हिन कॅरल यांनी १९४७ साली ओये-एकिती येथे आपल्या एका सहकाऱ्यासह कार्यशाळा उघडली. परंपरेने लाकूड कोरणाऱ्या कारागिरांना त्यांनी युरोपीय पुतळ्यांच्या नकला करावयास सांगितले नाही. गुरूने कोरावे, शिष्याने पाहत पाहत शिकावे, ही जुनी पद्धतच तेथे चालू राहिली. नाताळच्या देखाव्यातील तीन राजे योरुबा राजांच्या वेषात आले. तेथेच शिकलेले लामिदी फाकेये पुढे जगभर नावाजले. ते मुसलमान होते, तरीही चर्चसाठी त्यांनी कोरीव काम केले. हे सारे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वीचे आहे, हे ध्यानात घ्यावे.

परंतु या ज्ञानाची खरी कसोटी शाळेत लागली. १९७० साली इफे विद्यापीठातील शिक्षणतज्ज्ञ बाबातुंडे फाफुन्वा यांनी एक प्रयोग आरंभिला. त्या काळी प्राथमिक शाळेत पहिली तीन वर्षे योरुबा माध्यम असे आणि नंतर एकाएकी इंग्रजी. फाफुन्वांनी एका शाळेतील काही वर्गांना सहाही वर्षे गणित, विज्ञान, समाजशास्त्र असे सर्व योरुबातून शिकविले. त्यासाठी नवी पुस्तके लिहावी लागली, शास्त्रीय संज्ञा घडवाव्या लागल्या. इंग्रजी सोडली नव्हती. ती स्वतंत्र विषय म्हणून खास शिक्षकाकडून शिकवली जाई. निष्कर्ष असा निघाला, की ही मुले गणित-विज्ञानात तर पुढे गेलीच, पण इंग्रजीतही मागे पडली नाहीत. उलट सरस ठरली.

आमच्या धर्मग्रामांतून मुलाला कोणत्या माध्यमात घालावे, यावर घराघरांत वाद होतात. आईवडिलांची भीती खोटी नाही; इंग्रजीवाचून नोकरीचे दार उघडत नाही, हे त्यांनी स्वतः सोसलेले असते. योरुबा पालकांचीही भीती हीच होती. इफेच्या प्रयोगाने त्यांना इंग्रजी नको असे सांगितले नाही. इंग्रजी नीट यावी म्हणूनच आधी घरच्या भाषेत विचार करू द्या, एवढेच सांगितले.

नायजेरियाच्या सरकारने २०२२ साली प्राथमिकची सहाही वर्षे मातृभाषेतून शिकविण्याचे धोरण मान्य केले. २०२५ साली परीक्षांतील अपयशाकडे बोट दाखवून ते रद्द केले आणि इंग्रजी माध्यम पुन्हा आणले. फाफुन्वांचा अहवाल १९८९ पासून छापील स्वरूपात उपलब्ध होता.