आपल्या वाकळेचा इतिहास



आपल्याकडं इतिहास म्हटलं की कंधारचा किल्ला, उदगीरचा किल्ला, औशाचा किल्ला आठवतो. त्यांच्यावर पुस्तकं आहेत, शाळेच्या सहली तिकडं जातात. आज मात्र मी तुमच्या घरातल्याच एका वस्तूचा इतिहास सांगणार आहे. ती माळ्यावर नाहीतर पेटीत घडी घालून ठेवलेली असते. कुणी तिला वाकळ म्हणतं, कुणी गोधडी. सीमेपलीकडं कर्नाटकात ती कौदी होते आणि तिकडं बंगालात कांथा.

वाकळेचा इतिहास कुणी फारसा लिहिला नाही, याचं कारण सोपं आहे. दगड टिकतो, तांब्याचा पत्रा टिकतो, कापड कुजतं. त्यात वाकळ जुनी झाली तर आपण ती जपून थोडीच ठेवतो? तिच्यावर नवं लुगडं चढवून पुन्हा टाके घालतो. ती अगदीच विरली की बैलाच्या पाठीवर जाते, नाहीतर तिचं पोतेरं होतं. शिवणारीचं नावही तिच्यावर नसतं. म्हणून तिचा माग कापडाच्या, संतांच्या आणि आपल्या आयाबायांच्या आठवणींतून काढावा लागतो.

सुरुवात शेजारच्या तेरपासून करू. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुन्या काळचं तगर. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. त्यात तगरचं नाव आहे. तिथून साधं जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून अवघड वाटेनं भडोच बंदराला जायची, असं तो सांगतो. म्हणजे आपला हा मुलूख तेव्हापासून कापडाचा.

आता विचार करा, ते कापड तयार कसं होत असेल? कापूस वेचायचा, सरकी काढायची, पिंजायचा, मग हातानं सूत कातायचं. कातण्याचं काम मुख्यतः बायकांचं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही विधवा आणि निराधार बायकांकडून सूत कातून घ्यावं, असं सांगितलं आहे. एका लुगड्यात कुणाकुणाच्या किती दिवसांची मेहनत असायची! असं कापड फाटलं म्हणून फेकून कोण देईल? चिंधीला चिंधी जोडण्याची अक्कल इथून आली. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हणसुद्धा अंथरूण मोजून-मापून, जोडून-जोडून करणाऱ्या घरांतलीच वाटते.

आता गोदावरीच्या काठी गंगाखेडला जाऊ. संत जनाबाई तिथल्या, अशी परंपरा सांगते. लहानपणीच त्या दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी राहायला गेल्या. नामदेवांचं गाव हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी असं आपण मानतो. ते घराणं शिंप्याचं. म्हणजे सुई-दोऱ्याच्या घरात, दळणकांडण करत जनाबाईंचं आयुष्य गेलं. त्यांच्या वाकळेची गोष्ट तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी कीर्तनात ऐकली असेल. विठ्ठल रात्री जनाबाईंना दळू लागायला आला. पहाट झाली, काकडआरतीची वेळ झाली, तसा देव घाईघाईनं निघाला. त्या गडबडीत आपला शेला आणि गळ्यातलं पदक तिथंच विसरला आणि जनाबाईंची वाकळ पांघरून राउळात गेला. पुजाऱ्यांनी पाहिलं तर देवाच्या अंगावर ठिगळाची वाकळ! पदक सापडलं जनाबाईंच्या घरी. चोरीचा आळ आला, सुळावर द्यायचं ठरलं आणि सुळाचं पाणी झालं.

ही संतकथा आहे, ती घडली की नाही यावर वाद घालायचं कारण नाही. पण ती शेकडो वर्षं सांगितली गेली, हे तर खरं आहे. सांगणाऱ्यांना ठाऊक होतं की गरीब बाईच्या घरातली सगळ्यांत जवळची, सगळ्यांत मायेची वस्तू म्हणजे तिची वाकळ. देवानं शेला सोडून ती घेतली, यात ऐकणाऱ्या बाईला केवढा मान मिळाला! पुढं गाडगेबाबांनी चिंध्यांचाच पोशाख आयुष्यभर घातला. लोक त्यांना गोधडे महाराज, चिंधेबुवा म्हणायचे. आपल्या महाराष्ट्रानं चिंधीला कमी लेखलं नाही, ते असं.

आता वाकळ शिवायची रीत बघू. माहीत असलेल्या जणींनी मला हसू नका, पोरींसाठी सांगते. जमीन झाडून सारवून घ्यायची. खाली एक धड लुगडं अंथरायचं, मधे जुनी धोतरं, फाटकी पातळं, सदऱ्याचे तुकडे सारखे लावायचे, वर दुसरं लुगडं. चारी कोपऱ्यांवर दगड किंवा विटा ठेवायच्या, कापड सरकू नये म्हणून. मग मोठे टाचे घालायचे. त्यानंतर कडेनं धावदोरा सुरू होतो आणि एकात एक चौकोन होत मधोमध येऊन थांबतो. सुताचं नऊवारी लुगडं यासाठी उत्तम. धुऊन धुऊन मऊ झालेलं, सुई सहज जाणारं, उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार.

या रीतीतच खरी गंमत आहे. एवढं मोठं कापड एकटीच्या मांडीवर मावत नाही. एकीनं एक कड धरली तर दुसरीनं समोरची धरावी लागते. म्हणून सुगी आटोपली, शेतातली कामं हलकी झाली की दुपारी शेजारणी जमायच्या. आज हिची वाकळ, उद्या तिची. मजुरीचा प्रश्न नव्हता, हातउसनं काम होतं.

आणि हात चालू असले की तोंडाला कुणी अडवत नाही. नुसत्या गप्पा मारत बसलेल्या बाईला घरचे विचारणार, काम नाही का तुला? पण वाकळ शिवणाऱ्या बाईला कोण बोलेल? त्या दोन-तीन तासांत माहेरची खबर कळायची, औषधपाण्याचा सल्ला मिळायचा, सासुरवासाचं दुःख हलकं व्हायचं. नव्या सुनेला गावातल्या बाया तिथंच कळायच्या. सरळ टाका कसा घालायचा हे शिकता शिकता ती त्या गल्लीची होऊन जायची. आज आपण बचत गटाची बैठक म्हणतो. तिच्या आधी कितीतरी पिढ्या ही बैठक वाकळेभोवती भरत होती.

वाकळ गरजेपोटी आली, हे विसरून चालणार नाही. गरिबीला उगाच गोड करून सांगू नये. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायांना विचारा, अंगावरचं एकच लुगडं कसं पुरवायचं ते. तरीही नुसती गरजच असती, तर टाके कसेही घातले असते. मधे लाल तुकड्याचं फूल कशाला? काठाला काठ जुळवायचा कशाला? लेकीच्या बाळंतविड्यात दुपटं आणि कुंची स्वतःच्या हातची हवी, हा हट्ट कशाला? रुखवतात मण्यांचं तोरण आणि लोकरीचे रुमाल मांडून पाहुण्यांनी ते निरखावं म्हणून वाट बघणं कशाला? तो आनंद होता. दिवसभर दुसऱ्यांसाठी राबणाऱ्या हातांना मिळालेला स्वतःचा आनंद.

आपल्या तांड्यांवरच्या बहिणींनी तर हा आनंद अंगावरच मिरवला. किनवट, माहूर, मुखेड, अहमदपूर, जळकोट या भागांत बंजारा समाजाचे तांडे आहेत. रेल्वे आणि पक्के रस्ते नव्हते तेव्हा बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर पोहोचवणारा हा समाज. मुक्काम आज इथं, उद्या तिथं. अशा फिरत्या संसारात भिंती रंगवता येत नाहीत, म्हणून बायांनी कापड रंगवलं. फेटिया, कांचळी, ओढणी यांवर आरसे, कवड्या आणि रंगीत टाके आले. रेल्वे आली, बैलांचा व्यापार बुडाला. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अशा कित्येक फिरत्या समाजांवर बिनगुन्ह्याचा शिक्का मारला. त्या सगळ्यातून मायलेकींच्या हातातला टाका तरला. कर्नाटकात संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ साली हंपीला जी-२०ची बैठक झाली, तेव्हा साडेचारशेहून अधिक लंबाणी बायांच्या हातच्या १,७५५ वस्तू मांडून जागतिक विक्रम झाला. टाका तोच, जो आपल्या तांड्यावरची आजी घालते. पण ऊसतोडीला गेलेल्या नातीला तो शिकायला वेळ कुठून मिळणार, हा प्रश्न आहेच.

वाकळेला उतरती कळा कशी लागली? निजामाच्या राजवटीत नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली, गिरणीचं कापड गावागावांत पोहोचलं. नंतर नायलॉन आणि टेरिकॉटच्या साड्या आल्या. त्या धुवायला सोप्या, पण वाकळेला निकामी. सुईखाली घसरतात, घाम शोषत नाहीत. मग सोलापुरी चादर आली, बाजारातलं ब्लँकेट आलं. गंमत अशी की हरियाणातल्या पानिपतला परदेशातल्या जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या येतात आणि त्यांचा पुन्हा धागा करून स्वस्त ब्लँकेटं बनतात. म्हणजे तीसुद्धा एका अर्थी यंत्रानं केलेली गोधडीच. ऊब तीही देते, पण तिच्यासाठी चार जणींना जमावं लागत नाही.

जमण्याची जागा गेली की काय होतं, हे लातूर जिल्ह्याला चांगलं ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्रीच गणपती विसर्जन झालं होतं. जवळपास दहा हजार माणसं गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली. देशभरातून कपडे आणि पांघरुणं आली, पक्की घरं मिळाली. पण एकमेकांना चिकटलेली घरं, अरुंद गल्ली, वाड्याचं अंगण, तो ओटा नव्या आखीव गावात राहिला नाही. शेजारीण लांब गेली. त्या काळात बायांना पुन्हा एकत्र आणण्याचं काम मुद्दाम करावं लागलं. स्वयम शिक्षण प्रयोगासारख्या संस्थांनी गावोगावच्या महिलांना घरदुरुस्तीच्या कामात संवाद सहायक केलं, त्यांचे गट उभे राहिले. भिंत बांधून गाव उभं राहत नाही, बसायला जागा आणि बसायला निमित्त लागतं, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

दूरदेशीही हेच दिसतं. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं एक गाव आहे, गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांचं. तिथल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात. १९४२ मध्ये मिझुरी पेटवे या बाईचा नवरा गेला. तिनं त्याचे शेतात घालायचे कपडे उसवले आणि त्यांची गोधडी केली, त्याच्या मायेखाली निजता यावं म्हणून. २००२ मध्ये या गावच्या गोधड्या मोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या. तिथल्या बाया म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्याच शेतात राबणाऱ्या.

मग आपण काय करायचं? हल्ली कुठलीही कला दिसली की लगेच विचारतात, विकणार का? विकायला हरकत नाही. पण विकाल तर आपले तास मोजा. समजा दोघी जणी रोज दोन तास, वीस दिवस बसल्या, तर ते ऐंशी तास झाले. आठ तासांचा एक रोज धरला तर दहा रोज. मजुरीच्या हिशेबात ते बसवा आणि मगच किंमत सांगा. चादरीच्या भावात वाकळ देऊ नका.

आणि वर्षातून एक वाकळ न विकण्यासाठी शिवा. हिशेब झाला, हप्ते गोळा झाले की गटाच्या बैठकीनंतर तासभर बसा. प्रत्येकीनं घरातलं एक सुती कापड आणायचं आणि ते कुणाचं हे सांगायचं. हे सासूबाईंचं लुगडं, हा दादाच्या शाळेचा सदरा, ही पोरगी तान्ही होती तेव्हाची झबली. जिला लिहिता येतं तिनं ते वहीत टिपून ठेवायचं, तारीख घालायची आणि शिवणाऱ्या सगळ्यांची नावं लिहायची. मग ती वाकळ गावात ज्या घरी पहिलं बाळ जन्माला येईल तिथं द्यायची, नाहीतर जिच्या घरी कुणी विचारायला नाही, त्या म्हातारीला.

तेरच्या कापडाचा उल्लेख एका परक्या व्यापाऱ्यानं लिहून ठेवला म्हणून राहिला. आपल्या वाकळेची वही आपणच लिहू या. तुमच्याकडं टाक्यांना काय नावं आहेत, वाकळ शिवताना कोणत्या ओव्या म्हणत होतात, ते आम्हाला कळवा. पुढच्या एखाद्या भाषणात तेच सांगेन.