माणशी दोनच!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. लढाया, तह आणि सनावळ्या शिकवण्यात माझा जन्म गेला. आज मात्र मी तुम्हाला दुकानातल्या फळीचा इतिहास सांगणार आहे. साथीचा रोग आला, की ही फळी एका दिवसात रिकामी होते. ती रिकामी होऊ नये म्हणून दुकानदारांनी वेळोवेळी काय केलं, त्यातलं काय साधलं आणि काय फसलं, हा आजचा विषय. सुरुवात स्वतःच्याच एका चुकीपासून करतो.

२०२० च्या फेब्रुवारीत मी आणि सौ. लेकीकडे मेलबर्नला गेलो होतो. मार्च उजाडला आणि करोनाच्या बातमीबरोबर तिथल्या सुपरमार्केटमधला टॉयलेट पेपर नाहीसा झाला. डार्विन शहरातल्या एका वर्तमानपत्राने तर ५ मार्चच्या अंकात आठ पानं कोरी छापली, अडीअडचणीला वापरायला! आम्ही पोट धरून हसलो. तांब्यावर भागणारी माणसं आम्ही. आम्हाला त्या कागदाचं काय?

आमचं हसू दहा दिवस टिकलं. मग जावयाच्या मोबाइलवर निरोप आला, ‘कणीक संपत आलीय.’ संध्याकाळी मी जावयाबरोबर भारतीय वाणसामानाच्या दुकानात गेलो. एक गोणी घ्यायची, असं ठरवूनच निघालो होतो. आत शिरलो तर पुढच्या माणसाच्या ढकलगाडीत पाच गोण्या. माझ्या पोटात गोळा आला. मी तीन उचलल्या आणि वर मैद्याची सहा पाकिटं. घरात खाणारी माणसं चार!

दोनच दिवसांनी शेजारच्या ग्रीक आजी रिकामी पिशवी घेऊन परतताना दिसल्या. वय चौऱ्याऐंशी. ईस्टरच्या बिस्किटांसाठी त्यांना मैदा हवा होता. तीन दुकानं हिंडून मिळाला नव्हता. लेकीने लगेच एक पाकीट दिलं. आजींनी सहज विचारलं, ‘तुम्हाला किती मिळाले?’ मी म्हणालो, ‘दोन.’

श्रोतेहो, त्या ‘दोन’पायी मला कित्येक रात्री नीट झोप आली नाही. मग सवयीप्रमाणे पुस्तकांकडे वळलो. मी लोभी माणूस नाही, तरी असा का वागलो? आणि मला कोणी अडवलं कसं नाही?

आधी फळीचं गणित समजून घेऊ. आजच्या सुपरमार्केटला मोठं कोठार नसतं. रोज जेवढं विकतं तेवढंच रोज ट्रकमधून येतं. महिन्यात दोनदा सामान घेणारी सगळी घरं एकाच आठवड्यात आली, तर कोणी एक नगही जास्त न घेता मागणी दुप्पट होते. ब्रिटनमध्ये त्या वेळी ग्राहकांच्या खरेदीची मोजदाद करणाऱ्या एका संस्थेला आढळलं, की गाडीभर माल नेणारे लोक फार थोडे होते. बाकीचे फक्त एकदोन वस्तू जास्त घेत होते आणि एकदोन फेऱ्या जास्त मारत होते. म्हणजे फळी रिकामी करणारा साठेबाज राक्षस नसतो. ती तुमच्या-माझ्यासारखी घाबरलेली माणसं असतात. आणि रिकामी फळी दिसली, की मागून येणारा आणखी घाबरतो. टॉयलेट पेपरची गंमत हीच, की तो जागा फार व्यापतो. त्यामुळे थोडा माल उचलला तरी भलंमोठं भगदाड दिसतं.

हा कागदाचा गोंधळ जगाला नवा नव्हता. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखलं. जपानच्या व्यापारमंत्र्यांनी कागद जपून वापरा, असं आवाहन केलं. महिन्याच्या अखेरीस ओसाकाजवळच्या सेन्री या नव्या वसाहतीत एका दुकानासमोर सकाळीच बायकांची रांग लागली आणि तिथला कागद पाहता पाहता संपला. त्या रांगेची बातमी झाली आणि बातमीमुळे देशभर रांगा लागल्या. कारखान्यात कागद पूर्वीइतकाच तयार होत होता, हे कोणी ऐकेना. डिसेंबरात जपानने जीवनावश्यक वस्तूंसाठी आणीबाणीचा एक कायदा केला. पुढे ४६ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, मास्क विकत घेऊन चढ्या भावाने विकणाऱ्यांना चाप लावण्यासाठी जपान सरकारने तोच कायदा बाहेर काढला.

त्याच सुमाराला तिथं कागद संपणार अशी अफवा पुन्हा उठली होती. नंतरच्या अभ्यासात असं दिसलं, की मूळ अफवेपेक्षा ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हे सांगणारे संदेशच कितीतरी जास्त पसरले आणि ते वाचून लोक दुकानाकडे धावले. का? कारण अफवा खोटी आहे हे मला कळलं, तरी शेजाऱ्याला कळलं असेल याची खात्री नसते. तो धावेल, म्हणून मीही धावतो. टोकियोतल्या एका मोठ्या दुकानाने मात्र वेगळाच उपाय केला. दाराशीच कागदाच्या गठ्ठ्यांचा डोंगर रचला आणि पाटी लावली, ‘माणशी दहापर्यंत.’ दहा गठ्ठे कोण नेणार? डोळ्यांना डोंगर दिसला, की मनाची भूक भागते. हजार खुलाशांपेक्षा भरलेली फळी जास्त बोलते, हे त्या दुकानदाराने ओळखलं होतं.

आपल्याकडचा अनुभव घ्या. १९९४ चा सप्टेंबर आठवतो? सुरतेत प्लेगची बातमी फुटली. लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. तोंडाला हातरुमाल बांधलेल्या माणसांची छायाचित्रं जगभर छापली गेली. टेट्रासायक्लिन हे औषध सुरतेतच नव्हे, तर दिल्ली-मुंबईतही दुकानांतून नाहीसं होऊ लागलं. अंगात ताप नसलेली माणसं ते खिशात घेऊन फिरत होती आणि खऱ्या रोग्याच्या नातेवाइकाला ते शोधत हिंडावं लागत होतं. पुण्यात आमच्या पेठेतल्या औषधवाल्याकडे मीही गेलो होतो. तो म्हणाला, ‘सर, डॉक्टरांची चिठ्ठी आणा, लगेच देतो. पण खिशात ठेवायला नाही देणार.’ त्या दिवशी मला राग आला होता. आज वाटतं, मेलबर्नच्या दुकानात असा एक माणूस गल्ल्यावर हवा होता.

अर्थात तो मला ओळखत होता म्हणून बोलू शकला. सुपरमार्केटमध्ये कोणी कोणाला ओळखत नाही. तिथं नियमच लागतो. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वूलवर्थ्स आणि कोल्स या दोन बड्या दुकानमालिकांनी मार्चच्या सुरुवातीलाच टॉयलेट पेपरला माणशी चार गठ्ठ्यांची मर्यादा घातली. ती पुरली नाही. आकडा खाली आणावा लागला. मग पीठ, तांदूळ, पास्ताही मर्यादेत आले. १७ मार्चपासून वूलवर्थ्सने सकाळी सात ते आठ हा तास म्हाताऱ्या आणि अपंग ग्राहकांसाठी राखून ठेवला आणि कोल्सनेही तसंच केलं. हेतू चांगला होता, पण पहिल्या सकाळी काही ठिकाणी वृद्ध मंडळी अंधारात येऊन रांगेत उभी राहिली आणि आत गेली तर फळी रिकामीच! वेळ राखून ठेवली होती, माल राखून ठेवला नव्हता. तेव्हा कोल्सने दुकानं रात्री आठला बंद करायला सुरुवात केली, म्हणजे रात्रभर फळ्या भरता येतील.

एरवी एकमेकांशी संगनमत केलं म्हणून ज्यांना दंड झाला असता, त्या दुकानमालिकांना पुरवठ्यापुरतं एकत्र बसून ठरवायची मुभा सरकारी नियामकाने मार्चअखेर दिली. आणखी एक साधा नियम फार कामाला आला. नेलेला टॉयलेट पेपर परत घेतला जाणार नाही! ॲडलेडच्या एका दुकानमालकाकडे एप्रिलमध्ये एक गृहस्थ ३२ रिळांचे १५० गठ्ठे परत करायला आले. मालकाने साफ नकार दिला आणि ही हकिकत जाहीरपणे सांगितली. परतीचा दरवाजा बंद आहे हे कळलं, की साठेबाजीतला धंदा संपतो.

भाव वाढवणं हा दुसरा मार्ग. डेन्मार्कमधल्या एका दुकानाने त्यात गंमतच केली. हात धुण्याच्या औषधाची एक बाटली ४० क्रोनरला आणि दुसरी हवी असेल तर ती १,००० क्रोनरला! म्हणजे गरिबालाही पहिली बाटली परवडावी आणि श्रीमंतालाही दुसरी महाग पडावी. सगळाच भाव वाढवला असता तर ज्याच्याकडे पैसा त्याचं कपाट भरलं असतं. आपल्याकडे केंद्र सरकारने १३ मार्च २०२० रोजी मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घातले आणि पुढे सॅनिटायझरच्या २०० मिलिलिटरच्या बाटलीला १०० रुपयांची कमाल किंमत ठरवून दिली. पण भाव बांधून काम अर्धंच होतं. स्वस्त बाटली पहिल्याच माणसाने दहा नेल्या तर अकराव्याच्या हाती पाटीच राहते.

मग उरतं काय? माणशी माप. आणि इथं मला माझे वडील आठवतात. ते गिरगावच्या चाळीत वाढले. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि मुंबईला येणारा तिथला तांदूळ थांबला. वडील सांगायचे, दुकान उघडायच्या आधी रांग आणि रांगेत रोज भांडणं. २ मे १९४३ रोजी मुंबईत रेशनिंग सुरू झालं. हिंदुस्थानात अशी व्यवस्था पूर्णपणे अमलात आणणारं हे पहिलं मोठं शहर. ती उभारण्यात ए. डी. गोरवाला या सनदी अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. वडील म्हणायचे, ‘कार्ड आलं आणि आजी रात्री शांत झोपू लागली. धान्य पुरेसं नव्हतंच, पण आपलं आहे ते कोणी नेणार नाही, एवढं कळलं होतं.’ कलकत्त्यात रेशनिंग यायला १९४४ चा जानेवारी संपत आला होता. तोवर बंगालच्या दुष्काळाने लाखो जीव घेतले होते. त्या दुष्काळाची कारणं अनेक, पण घबराट आणि साठेबाजी त्यात होतीच.

२०२० मध्ये हीच युक्ती तैवानने मास्कसाठी वापरली. ६ फेब्रुवारीपासून औषधांच्या दुकानात आरोग्य विम्याचं कार्ड दाखवायचं आणि आठवड्याला दोन मास्क घ्यायचे. ओळख क्रमांकाचा शेवटचा आकडा विषम असेल तर सोमवार, बुधवार, शुक्रवार. सम असेल तर मंगळवार, गुरुवार, शनिवार. रविवार सगळ्यांचा. कोणत्या दुकानात किती माल शिल्लक आहे, हे लोकांना मोबाइलच्या नकाशावर दिसू लागलं. दरम्यान सरकारने उत्पादन वाढवत नेलं आणि मार्चमध्ये दोनाचे तीन मास्क केले. माप वाढताना दिसलं, की विश्वास वाढतो.

या सगळ्यातून मला एक गोष्ट कळली. ‘माणशी दोनच’ ही पाटी दोन तऱ्हांनी वाचता येते. फळी रिकामी झाल्यावर लावली तर तिचा अर्थ ‘संपत आलंय, धावा!’ फळी भरलेली असताना लावली तर तिचा अर्थ ‘तुमचे दोन ठेवलेत, सावकाश या.’ शब्द तेच, वेळ वेगळी. सिंगापूरच्या फेअरप्राइस या सहकारी दुकानांनी हे लवकर ओळखलं. ७ फेब्रुवारी २०२० च्या संध्याकाळी तिथल्या सरकारने धोक्याची पातळी वाढवली आणि गर्दी उसळली. दोन दिवसांतच तांदळाच्या दोन पिशव्या आणि कागदाचे चार गठ्ठे अशी मर्यादा लागली. गोदामं भरलेली आहेत हेही सांगितलं गेलं. काही दिवसांत गर्दी ओसरली.

माप ही शिक्षा नाही, ते आश्वासन आहे. पण त्यामागे माल हवा, हेही विसरून चालणार नाही. ग्रीक आजी एकदा कुंपणापलीकडून सांगत होत्या. १९४१-४२ च्या हिवाळ्यात, जर्मन फौजा असताना, अथेन्समध्ये त्या पाच वर्षांच्या होत्या. त्यांच्या घरी कार्ड होतं, पण दुकानात बऱ्याचदा भाकरीच नसायची.

आता माझ्या गोण्यांचं काय झालं, ते सांगून संपवतो. विमानं बंद झाल्यामुळे आम्ही मेलबर्नलाच अडकलो. जूनअखेर साथीने पुन्हा डोकं वर काढलं आणि दुकानात परत पाट्या लागल्या. लेकीने आमची तिसरी गोणी उघडली. पिठाला जाळी धरली होती. मी ती गोणी मागच्या अंगणात नेली, तेव्हा आजी कुंपणाशीच उभ्या होत्या. ‘टाकताय?’ त्यांनी विचारलं. मी त्यांना सांगितलं, की त्या दिवशी मी खोटं बोललो होतो. दोन नव्हे, मैद्याची सहा पाकिटं आणली होती आणि वर ही कणीक. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी बिस्किटांचा डबा कुंपणावरून दिला. मी दोन घेतली आणि डबा घरात नेऊन लेकीच्या हाती दिला.