केस, कुंड आणि पत्र्याचा डबा

घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून सेन्सर बनवणं हा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनापुरता खेळ आहे, असं बहुतेकांना वाटतं. खरं उपकरण कारखान्यात तयार होतं आणि घरी बनते ती त्याची स्वस्त नक्कल, अशी त्यामागची समजूत असते. मोजमापाचा इतिहास मात्र या समजुतीला फारसा आधार देत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी पावसाच्या मोजणीसाठी एक कुंड ठेवायला सांगितलं आहे. कुंड ही घरोघरची वस्तू, पण त्याचं तोंड एक अरत्नी, म्हणजे साधारण हातभर रुंद असावं अशी अट आहे. पुढे अवंतीचा पाऊस 23 द्रोण असल्याची नोंद येते आणि गोदावरीकाठच्या अश्मकाचाही आकडा स्वतंत्र दिलेला आहे. तोंडाचं माप सगळीकडे एकच नसतं, तर या आकड्यांची तुलनाच करता आली नसती. साध्या भांड्याला पर्जन्यमापक केलं ते या अटीने.

हीच गोष्ट जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर याच्या कामात अधिक स्पष्ट दिसते. हवेतला दमटपणा मोजण्याविषयीचा त्याचा ग्रंथ 1783 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला संवेदक म्हणजे माणसाचा केस. हवा कोरडी असली की केस आखडतो, दमट झाली की लांबतो. अगदी कोरड्या हवेपासून पूर्ण ओल्या हवेपर्यंत ही वाढ जेमतेम दोन-अडीच टक्के, म्हणजे वीतभर केसात चार-पाच मिलिमीटर. सोस्यूरने सोड्याच्या पाण्यात उकळून केसाचा तेलकटपणा काढला, त्याचं एक टोक पक्कं बांधलं, दुसरं बारीक आसाभोवती गुंडाळलं आणि आसाला काटा जोडला, त्यामुळे ती इवलीशी हालचाल डोळ्यांना दिसू लागली. मग क्षारांनी कोरड्या केलेल्या काचेच्या हंडीत एक टोकाची खूण, आतून ओल्या केलेल्या हंडीत दुसऱ्या टोकाची, आणि मध्ये 100 भाग. केस फुकटचा होता. मेहनत लागली ती या दोन खुणांना.

यावर पहिला आक्षेप असा की केस भरवशाचा नाही. तो जुना होतो आणि त्याची वाढ समप्रमाणात होत नाही. आक्षेप खरा आहे. पण फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅकने पुढे केसाचे अंश आणि बाष्पाचा दाब यांचा मेळ घालणारं कोष्टकच तयार केलं. दोष जात नव्हता, पण त्याचं माप कळलं, आणि तेवढ्यावर केसाची आर्द्रतामापकं विसाव्या शतकातही वेधशाळांमध्ये काम करत राहिली. हाताशी असलेल्या वस्तूलाच उपकरण करण्याची ही रीत सोस्यूरपुरती नव्हती: जगदीशचंद्र बोस यांनीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्युत्‌चुंबकीय लहरींच्या ध्रुवीकरणासाठी ब्रॅडशॉच्या छापील रेल्वे वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथलाचा वर्ख घालून पाहिला होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सोस्यूर आणि बोस हे शास्त्रज्ञ होते. सामान्य माणसाच्या हाताला तेवढी अचूकता कुठून येणार? याचं उत्तर अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत सापडतं. अणुयुद्धाच्या धास्तीच्या काळात, 1970 च्या दशकात, तिथे क्रेसन कर्नी आणि सहकाऱ्यांनी घरी बनवता येईल असा किरणोत्सारमापक तयार केला. त्याला लागतात पत्र्याचा छोटा डबा, स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या आठ पदरी दोन पट्ट्या, दोरा, झाकणाला पारदर्शक प्लास्टिक आणि आतली हवा कोरडी ठेवायला भिंतीच्या जिप्सम बोर्डाचे तुकडे. पट्ट्यांना विद्युतभार दिला की त्या एकमेकींपासून दूर सरतात. किरणांमुळे डब्यातली हवा आयनीभूत होऊन भार ओसरतो आणि पट्ट्या जवळ येतात. ठरावीक वेळात त्या किती मिलिमीटर जवळ आल्या ते पाहायचं आणि कोष्टकातून किरणोत्साराच्या मात्रेचा दर काढायचा. दिलेली मापं काटेकोर पाळली तर डबा किरणोत्सारी स्रोतासमोर ठेवून तपासावा लागत नाही, कारण ते काम मूळ आराखड्यासाठी आधीच झालेलं असतं. नैसर्गिक किरणोत्साराची मंद पातळी मात्र या डब्याला ओळखता येत नाही. पण त्याची मर्यादा माहीत आहे, आणि मर्यादा माहीत असणं हेच उपकरणाचं लक्षण.

आपल्याकडे 1972 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांतून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने आणि पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेतून अरविंद गुप्तांनी स्वस्त, टाकाऊ साहित्य विज्ञानशिक्षणात मानाने आणलं. ती परंपरा पुढे न्यायची, तर वस्तू बनवण्याइतकाच वेळ ती ताडून पाहण्याला द्यायला हवा. कुंडीत दोन खिळे खोचून मातीची ओल दाखवणारा सेन्सर आज कोणताही विद्यार्थी करतो. पण खतातले क्षार वाढले की माती तेवढीच ओली असूनही त्याचा आकडा बदलतो. त्यावर उपाय जुनाच आहे: मूठभर ओली माती तोलायची, पूर्ण वाळवून पुन्हा तोलायची आणि वजनातली घट सेन्सरच्या आकड्यासमोर मांडायची. तराजू आणि तवा घरातच असतात. त्यामुळे प्रयोगशाळेवाचून अडतं ही सबब पुढे करता येत नाही. भंगारातून उपकरण होतं की खेळणं, हे अशा नोंदींची वही ठेवण्यावर ठरतं.